बाई सरपंच झाल्या: पहिल्या सहा महिन्यांत काय काय करायचं

सोडतीत गावाचं सरपंचपद महिलेसाठी राखीव निघालं की त्याच संध्याकाळी पारावर हिशोब मांडला जातो, कुणाच्या घरातली बाई उभी करायची. पुढं निवडणूक होते, बाई निवडून येतात, गुलाल उधळला जातो आणि हार मात्र मालकांच्या गळ्यात पडतो. फ्लेक्सवर मालक हात जोडून पुरुषभर उंचीचे, बाई कोपऱ्यात पासपोर्ट फोटोएवढ्या. दुसऱ्या दिवसापासून गाव मालकांना 'सरपंच' म्हणतं आणि सरपंचांना 'वहिनी'.

मी सोलापूर जिल्ह्याच्या कोरडवाहू पट्ट्यात ग्रामसेविका आहे. सप्टेंबर 2024 मध्ये सरकारनं ग्रामसेवक आणि ग्रामविकास अधिकारी ही दोन्ही पदं एक केली, त्यामुळं आता ग्रामपंचायत अधिकारी म्हणायचं. गावात त्यानं काडीचा फरक पडला नाही. या जागेवर पुरुष आला की तो पहिल्या दिवसापासून 'भाऊसाहेब'. मी खांद्याला पर्स अडकवून, हातात फायली घेऊन एसटीतून उतरले की थांब्यावरचा माणूस विचारतो, "अंगणवाडीच्या का बचत गटाच्या?" आरोग्य उपकेंद्रात तीच तऱ्हा. मिसरूड फुटलेला नवा आरोग्यसेवक आला की लगेच 'डॉक्टर', आणि निम्म्या गावाची बाळंतपणं केलेल्या सिस्टर अजून 'नर्सबाई'.

लोकांच्या डोक्यात प्रत्येक पदाला एक चेहरा चिकटलेला असतो. सरपंच म्हटलं की कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट, मिशी, दारात बुलेट. त्या चेहऱ्यात न बसणारं माणूस खुर्चीत दिसलं की नजर आपोआप शेजारच्या पुरुषाकडं जाते. आमच्याकडं रहिवासी दाखल्यासाठी आलेल्या एका आजोबांनी दारातच चपला काढल्या, आत येऊन पाणी सोडणाऱ्या कर्मचाऱ्याला वाकून नमस्कार केला आणि त्याच्यापुढं अर्ज धरला. तो बिचारा व्हॉल्व्हची किल्ली न्यायला आला होता. सरपंच समोर खुर्चीत होत्या. आजोबांच्या मनात काही वाईट नव्हतं. सवय होती, एवढंच.

ही सवय भाषणानं मोडत नाही, महिला दिनाच्या रांगोळीनं तर नाहीच. गाव चार गोष्टी बघतं: फोन कोण उचलतं, खुर्चीत कोण बसतं, सही-शिक्का कुणाच्या हातात आहे आणि साहेब आले की कुणाशी बोलतात. त्या चार गोष्टी बदलायच्या. खाली लिहिलंय ते नव्या सरपंच बाईंसाठी आहे, पण खरं सांगायचं तर त्याहून जास्त आमच्या भाऊसाहेब मंडळींसाठी आहे, कारण यातलं निम्मं काम आमच्याच हातात असतं.

सगळ्यात आधी फोन नंबर

ग्रामपंचायतीच्या भिंतीवरचा फलक बघा. सरपंचांच्या नावापुढं जो नंबर आहे तो कुणाचा? दहापैकी बहुतेक ठिकाणी मालकांचा. तोच नंबर पंचायत समितीच्या यादीत, तोच बँकेत, तोच तालुक्याच्या सरपंचांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर. म्हणजे बीडीओ (गटविकास अधिकारी) साहेबांचा निरोप मालकांना जातो, लाइट गेल्याची तक्रार मालकांकडं जाते, बँकेचा ओटीपीसुद्धा मालकांच्या खिशात वाजतो. दिवसातून वीस वेळा गाव ज्याच्याशी बोलतं तोच गावाचा सरपंच. इथंच नाही तोडलं तर पुढचं काही उपयोगाचं नाही.

बाईंच्या नावावर सिमकार्ड घ्या. स्वतःचा फोन नसेल तर पहिल्या मानधनातून घ्या. लोकसंख्येप्रमाणं तीन, चार आणि पाच हजार असलेलं मानधन 2024 मध्ये दुप्पट होऊन सहा, आठ आणि दहा हजार झालंय. ते बाईंच्या स्वतःच्या खात्यावर जमा होतंय ना, हे ग्रामसेवकानं पहिल्याच महिन्यात तपासावं. मग फलक, पंचायत समिती, बँक, पोलीस ठाणे, महावितरणचं कार्यालय, शाळा सगळीकडं एकाच दिवशी नंबर बदला. एकेक करून बदलत बसलात तर जुनाच नंबर चालू राहतो.

पहिले पंधरा दिवस फोन उचलला की बाई म्हणणार, "थांबा, मालकांना देते." ही सवय मोडायला एक वाक्य पाठ करून घ्या: "बोला, सरपंच बोलतेय. नाव सांगा, काम सांगा, लिहून घेते." शेजारी शंभर पानी वही आणि पेन. उत्तर लगेच द्यायलाच पाहिजे असं नाही. पुरुष सरपंचांना तरी कुठं सगळं येत असतं? तेही "बघतो, सांगतो" म्हणून वेळ मारून नेतात, पण त्यांच्या "बघतो"ला अनुभव म्हणतात आणि बाईंच्या "बघते"ला अडाणीपणा. म्हणून वही. दोन दिवसांनी बाईंनी उलटा फोन करून सांगितलं की "तुमच्या बोळातला दिवा उद्या बसतोय," तर तो माणूस पुढच्या वेळी मालकांना फोन करत नाही.

फलक आणि खुर्ची

फलक रंगवून घेताना पेंटरला कागदावर लिहून द्या. तोंडी सांगितलं तर तो आपल्या सवयीनं मालकांचं नाव ठळक करतो. नाव आणि पद, बस. पुरुष सदस्यांच्या नावाआधी काही नाही तर बाईंच्या नावाआधी 'सौ.' कशाला? लग्न झालंय का नाही, याच्याशी पाणीपट्टीचा काय संबंध? काही बायकांना मात्र 'सौ.' हवं असतं, त्यात त्यांना मान वाटतो. तिथं वाद घालू नका, अक्षरं सगळ्यांची सारखी असली तरी पुष्कळ.

सरपंचांच्या टेबलामागं एकच खुर्ची ठेवा. शेजारची 'मालकांसाठी' म्हणून आलेली दुसरी खुर्ची शाळेला देऊन टाका, कुणाला वाईट वाटणार नाही. नातेवाइकांनी कार्यालयात बसून कारभारात ढवळाढवळ करू नये अशा शासनाच्या सूचना आहेत, पण तो कागद पहिल्याच दिवशी तोंडावर फेकला तर घरात महाभारत होतं. खुर्ची नसली की माणूस उभा किती वेळ राहणार? पाहुण्यांच्या बाकावर बसतो, चहा घेतो, निघतो.

बाईंनी ठरलेल्या वेळी यावं. रोज नाही जमलं तर आठवड्यातले दोन-तीन दिवस, पण वेळ ठरलेली आणि फलकावर लिहिलेली. घरचं, रानातलं, म्हशीचं बघून यायचं असतं हे सगळ्यांना माहीत आहे.

सही करायची ती कार्यालयात

आता नाजूक भाग. आमच्या खात्यात फार जुनी आणि फार सोयीची पद्धत आहे: सभा कागदावर घ्यायची आणि प्रोसिडिंग बुक, म्हणजे सभेच्या ठरावांचं रजिस्टर, शिपायाबरोबर बाईंच्या घरी सहीला पाठवायचं. बाई चुलीपुढून हात पुसत येतात, शिपाई बोटानं जागा दाखवतो, सही होते. त्या पानावर काय ठराव झाला ते बाईंना कळत नाही, आणि शिपाई परत येताना चौकात सांगतो, "झाली सही, बाईंना काय कळतंय." झालं. एका सहीत पद गेलं.

तेव्हा भाऊसाहेब, रजिस्टर कार्यालयाबाहेर जाणार नाही. आणि बाई, कोऱ्या कागदावर, कोऱ्या चेकवर, अर्धवट भरलेल्या पानावर सही करायची नाही. मुलगा म्हणो, दीर म्हणो, ग्रामसेवक म्हणो. वाचायला वेळ लागतो म्हणून लाजू नका. मोठ्यानं वाचायला लावा, आणि आकडा आला की थांबवून विचारा: "हे कशाचे? कोटेशन कुठाय? एमबी झाली का?" (एमबी म्हणजे झालेल्या कामाच्या मोजमापाची नोंदवही.) हे तीन प्रश्न आले की समोरच्याचा बसण्याचा कोनच बदलतो.

डीएससी म्हणजे डिजिटल सहीचा तो छोटा पेन ड्राइव्ह. वित्त आयोगाचा पैसा आता ऑनलाइन जातो; ग्रामसेवकानं बिल तयार करायचं आणि सरपंचांनी आपल्या डीएससीनं मंजूर करायचं. कित्येक गावांत हा सरपंचांचा डीएससी संगणक परिचालकाच्या ड्रॉवरमध्ये पडलेला असतो आणि पिन त्याच ड्रॉवरवर चिकटवलेला. काही अफरातफर झाली तर सही बाईंची, चौकशी बाईंची, वसुलीही बाईंचीच. तो डीएससी बाईंच्या पर्समध्ये राहील, पिन त्यांनी स्वतः टाकायचा, आणि पहिल्या दोन-चार वेळा मी शेजारी उभी राहून कुठलं बटण कशाचं ते दाखवणार. आमच्या सरपंचांनी तो डीएससी काळ्या दोऱ्यात ओवून पर्सच्या आतल्या चेनला बांधलाय. ठेकेदाराला आता बिलासाठी त्यांच्या दारात थांबावं लागतं. तो त्यांना 'सरपंच मॅडम' म्हणायला लागला, ते माझ्या शिकवणीमुळं नव्हे, त्या दोऱ्यामुळं.

सभा

खरी परीक्षा इथं. 26 जानेवारी, 1 मे, 15 ऑगस्ट, 2 ऑक्टोबर या सभांना निम्मं गाव बघायलाच आलेलं असतं की बाई बोलतात का.

आदल्या दिवशी एक तास बसा. बाई, ग्रामसेवक आणि विषयपत्रिका. प्रत्येक विषयावर बाईंनी एक वाक्य बोलायचं, ते त्यांच्याच शब्दांत ठरवा. 'बंधित निधी', 'अबंधित निधी' असलं काही नको. "हे पैसे पाण्याला आणि स्वच्छतेलाच वापरता येतात, रस्त्याला नाही," असं सांगितलं की गावालाही कळतं. सुरुवात बाईंनी करायची. उपसरपंचांनी प्रास्ताविक करून 'आता आपल्या सरपंच ताई दोन शब्द बोलतील' ही पद्धत बंद. दोन शब्द पाहुण्यांचे असतात. सभेच्या अध्यक्ष बाई आहेत, माइक त्यांच्यापुढं आणि चालू-बंद करायचं बटणही त्यांच्या हाताशी.

ग्रामसभेआधी महिलांची सभा घ्यायची, हे कायद्यातच आहे. बऱ्याच ठिकाणी ती फक्त सह्यांची होते. ती खरीखुरी घ्या, अंगणवाडीत, दुपारी तीन-साडेतीनला, कामं आटोपल्यावर. तिथं झालेले ठराव लिहून दुसऱ्या दिवशी बाईंनी ग्रामसभेत वाचायचे. त्यांच्या मागं चाळीस बायका बसलेल्या असल्या की आवाज आपोआप चढतो, आणि मधेच बोलणाऱ्याला मागूनच उत्तर मिळतं.

मधे बोलणारे असतातच. कुणीतरी उभं राहून बाईंना ओलांडून मालकांना विचारणार, "सरपंच, आमच्या गटारीचं काय?" मालक उत्तर द्यायला तोंड उघडणार. इथं ग्रामसेवकानं पटकन म्हणावं, "प्रश्न अध्यक्षांना विचारा, मला तसं लिहून घ्यावं लागतं." राग येत नाही कुणाला, कारण दोष नियमाचा निघतो. मालक गावचे मतदार आहेत, ग्रामसभेला यायचा त्यांना पूर्ण हक्क आहे, पण बसायचं लोकांत, स्टेजवर नाही. मासिक सभेचे मात्र ते सदस्यच नाहीत. तिथं त्यांचं काम नाही.

आणखी एक प्रकार कायम घडतो. बाई म्हणतात, शाळेच्या मागच्या बोअरला मोटर बसवू. कुणी काही बोलत नाही. पाच मिनिटांनी उपसरपंच तेच म्हणतात आणि सगळे माना हलवतात, "आण्णांनी बरोबर सांगितलं." भांडू नका. प्रोसिडिंग लिहिणाऱ्यानं तिथल्या तिथं मोठ्यानं वाचावं: "सरपंचांनी मांडलेल्या सूचनेला उपसरपंचांनी अनुमोदन दिले." आण्णाही खूष, आणि कागदावर जे खरं आहे ते राहतं.

साहेब आले की

बांधकामाचे ज्युनिअर इंजिनिअर, विस्तार अधिकारी, बँकेचे मॅनेजर यांना वाटत असतं की आपण कधी भेदभाव करत नाही. त्यांचे डोळे बघा. प्रश्न बाई विचारतात, उत्तर देताना साहेब बघतात उपसरपंचांकडं. रस्त्याची जाडी सांगायची तर पुरुषाला, आणि हळदी-कुंकवाच्या कार्यक्रमाचं विचारायचं तर बाईंना. महिला अधिकारीही हेच करतात बरं का. मी स्वतः शिकलेल्या, मोठ्या पदावरच्या मॅडमना असं करताना पाहिलंय.

उपाय साधा आहे. ओळख करून देताना पद आधी, नाव नंतर, आणि एक काम जोडून: "या आमच्या सरपंच. दलित वस्तीच्या रस्त्याचं यांनीच लावून धरलं." नुसतं 'आमच्या मॅडम' म्हटलं की साहेबांना त्या शिक्षिका वाटतात. मग कामाचं अंदाजपत्रक बाईंच्या हातात द्या. कागद ज्याच्या हातात असतो, त्याच्याकडं बघून बोलावंच लागतं. टेप धरायची वेळ आली तर एक टोक बाईंनी धरावं, चिखल असला तरी.

कडक की मवाळ

पुरुष सरपंच आवाज चढवून बोलला की 'खमक्या' आहे म्हणतात. बाईंनी तोच आवाज लावला की 'डोक्यात हवा गेली'. हळू बोलल्या तर 'यांना काय जमणार'. मधला आवाज शोधत बसण्यात अर्थ नाही, तो सापडत नाही. माझा सल्ला, वाकडं घ्यायचं ते कागदानं घ्या. घरपट्टी-पाणीपट्टीची थकबाकी वाचून दाखवायची तर यादीत पहिलं नाव स्वतःच्या भावकीतलं असू द्या, ते आधी वसूल करा, मग बाकीच्यांना नोटीस पाठवा. त्यानंतर आवाज कसा लावला याची चर्चा होत नाही.

चिडलेली माणसं मात्र गप्प बसत नाहीत, याची तयारी ठेवा. जळगाव जिल्ह्यातल्या विचखेड्याच्या महिला सरपंचांना सरकारी जागेवरच्या घरात राहतात असा आरोप ठेवून अपात्र ठरवलं होतं. सप्टेंबर 2024 मध्ये सुप्रीम कोर्टानं तो निर्णय रद्द केला आणि बाई सरपंच झाली हेच गावाला पचलं नाही, असं स्पष्ट सुनावलं. तेव्हा निवडून आल्या आल्या घराचा नमुना 8 चा उतारा (ग्रामपंचायतीच्या दप्तरातली घराची नोंद), कर भरल्याच्या पावत्या, अतिक्रमण नसल्याची खात्री, शौचालयाचा दाखला एका फायलीत लावून ठेवा. पुरुषांच्या घराची जागा कुणी मोजायला जात नाही, बाईंच्या जातं.

मालकांचं काय करायचं

बहुतेक मालक खलनायक नसतात. त्यांनीच पैसे खर्च केलेले असतात, पळापळ केलेली असते, आणि आता त्यांना काय करावं ते कळत नसतं. त्यांना नुसतं 'येऊ नका' म्हटलं तर ते घरी राग काढतात आणि सोसावं बाईंना लागतं. त्यांना काम द्या, पण पंचायतीबाहेरचं. तालुक्याला जायचं तर गाडी चालवावी, आत जाऊ नये. सभेच्या दिवशी म्हशीचं आणि पोरांचं बघावं. आमच्याकडच्या मालकांनी सुरुवातीला तोंड वाकडं केलं. नंतर चौकात कुणी 'काय सरपंच' म्हणून हाक मारली की ते "सरपंच घरी हायत, फोन लावा," असं म्हणायला लागले. चेष्टेनं म्हणतात, पण म्हणतात.

सासूबाई बाजूच्या असल्या तर अर्धी लढाई जिंकली म्हणून समजा. त्यांना एकदा सभेला पुढच्या रांगेत बसवा.

किती दिवस लागतात?

लागतात. पश्चिम बंगालच्या बीरभूम जिल्ह्यात अर्थतज्ज्ञ एस्थर दफ्लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक प्रयोग केला होता, तो 2009 मध्ये छापून आला. प्रधानाचं (तिकडं सरपंचाला प्रधान म्हणतात) एकच भाषण, एकदा पुरुषाच्या आवाजात आणि एकदा बाईच्या आवाजात गावकऱ्यांना ऐकवलं. शब्द तेच. ज्या गावांत कधी बाई प्रधान झाली नव्हती तिथल्या पुरुषांनी बाईच्या आवाजाला कमी गुण दिले. जिथं आरक्षणामुळं बाई प्रधान होऊन गेली होती, तिथं हा फरक जवळजवळ उरला नव्हता. प्रधान म्हणून पुरुषच बरा, हे मत मात्र लोकांनी सोडलेलं नव्हतं. म्हणजे आवडनिवड बदलत नाही लवकर, पण समोरच्या बाईचं काम जोखायची नजर बदलते. मला तेवढं पुरे आहे.

आपल्याकडं तर बारामती तालुक्यातल्या निंबूतला 1960 च्या दशकातच सगळ्या बायकांची पंचायत होऊन गेली. पंचायतीत एक तृतीयांश जागा महिलांना राखून ठेवणारी घटनेची 73 वी दुरुस्ती 1993 मध्ये लागू झाली, महाराष्ट्रानं 2011 मध्ये निम्म्या जागा महिलांना दिल्या. तरी 2015 च्या पंचायत राज दिनाला पंतप्रधानांना 'सरपंच पती' बंद करा असं सांगावं लागलं. त्यावरूनच समजा.

शेवटचं काम पहिल्या वर्षीच सुरू करायचं आहे. आरक्षण फिरतं असतं. पाच वर्षांनी पद खुलं झालं की गाव गृहीत धरतं, आता बाईंचं काम संपलं, परत पुरुष. सरपंच थेट जनतेतून निवडायचा असल्यामुळं सदस्यांची मनधरणी करायची गरज नाही, खुल्या जागेवरही बाई उभ्या राहू शकतात. त्यासाठी एक फाईल ठेवा: झालेल्या प्रत्येक कामाच्या ठरावाची प्रत, सुरू होण्याआधीचा आणि झाल्यानंतरचा फोटो, खर्चाचा आकडा. फोटोत बाई असाव्यात, कामाच्या जागी, एकट्या. जन्म 1 जानेवारी 1995 चा किंवा त्यानंतरचा असेल तर सातवी पासचा दाखला शाळेतून आताच काढून ठेवा, ऐनवेळी मुख्याध्यापक सुट्टीवर असतात. आणि पुढच्या निवडणुकीच्या फ्लेक्सचं डिझाइन बाईंनी स्वतः जाऊन पास करायचं, फोटोचा आकार बघून.